वाद्ये कमी झाली म्हणून गाणे अधिक खरे होत नाही

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील चॅपल हिल या विद्यापीठाच्या गावात अँड्र्यू मार्लिन आणि एमिली फ्रान्ट्झ या दोघांनी २००९ मध्ये ‘मँडोलिन ऑरेंज’ या नावाने गायला सुरुवात केली. मार्लिन मँडोलिन आणि गिटार वाजवतात, फ्रान्ट्झ फिडल आणि गिटार वाजवतात, आणि दोघेही गातात. बारा वर्षांनी, २०२१ मध्ये, त्यांनी ‘वॉचहाऊस’ हे नाव घेतले आणि त्याच नावाचा अल्बम काढला. जॉश कॉफमन यांच्यासोबत निर्मिती केलेल्या या अल्बममध्ये बास आणि ड्रम्ससह अनेक वाद्यांचा भरणा होता आणि आधीच्या अल्बमांपेक्षा त्याचा नाद पुष्कळ पसरट होता. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, त्यांनी तीच गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली. या वेळी बाकी कोणी नव्हते. दोन गळे आणि त्या दोघांच्या हातांतली तारवाद्ये, एवढ्यावर ‘वॉचहाऊस (ड्युओ)’ हा अल्बम उभा राहिला.

अमेरिकाना, म्हणजे अमेरिकेच्या पारंपरिक संगीतात मुळे असलेल्या प्रकारातल्या, कोणत्याही बँडने आपली जुनी गाणी अशी अकूस्टिक, म्हणजे विजेवर न चालणाऱ्या वाद्यांच्या, स्वरूपात पुन्हा केली की त्यावर ठरलेल्या दोन प्रतिक्रिया येतात. आता कुठे खरी गाणी ऐकू आली, आधी ती आवाजाच्या ढिगाऱ्याखाली दबली होती, असे काही श्रोते म्हणतात. नवे काही सुचले नाही म्हणून जुनाच माल पुन्हा विकायला काढला, असे दुसरे म्हणतात. या दोन्ही मतांचे उगमस्थान एकच आहे आणि ते चुकीचे आहे, असे माझे ठाम म्हणणे आहे. गाण्याचे एक मूळ, कायमचे ठरलेले शरीर असते आणि वाद्ये म्हणजे त्यावर चढवलेले दागिने, असे दोघेही गृहीत धरतात. मग एकाला दागिने उतरवल्याचा आनंद होतो आणि दुसऱ्याला त्यात कष्टच दिसत नाहीत. वास्तविक वाद्यांची संख्या बदलते तेव्हा गाण्याच्या आतली कामांची वाटणीच बदलते, आणि म्हणून अशा पुनर्रचनेकडे नवी रचना म्हणून पाहिले पाहिजे, नव्या रचनेला लावतो तेवढ्याच कठोर कसोट्या तिला लावल्या पाहिजेत.

हे नुसते तत्त्व म्हणून सांगण्यापेक्षा मँडोलिनचेच उदाहरण घेऊ. या वाद्याला आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्यांमध्ये. तार छेडल्यावर नाद फार वेळ टिकत नाही, म्हणून लांब सूर हवा असेल तर वादकाला तीच जोडी भराभर छेडत राहावी लागते. मँडोलिनच्या या उणिवेचे ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या शाखेतल्या वादकांनी सोने केले. त्या परंपरेतल्या बँडमध्ये ड्रम्स नसतात. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मँडोलिनवादक तारा छेडतो आणि डाव्या हाताची बोटे लगेच सैल सोडून नाद तोडतो. त्याला चॉप म्हणतात, आणि ड्रम्समधल्या स्नेअरचे काम हा चॉप करतो. आता या वाद्याशेजारी खरा ड्रमवादक येऊन बसला की मँडोलिनवरची ठेक्याची जबाबदारी संपते आणि मँडोलिन स्वरांच्या मागे मोकळेपणाने जाऊ शकते. ड्रमवादक उठून गेला की वादकापुढे पेच उभा राहतो: ठेका पुन्हा अंगावर घ्यायचा, की मधली जागा रिकामी ठेवून ताल श्रोत्याच्या मनावर सोपवायचा? दोन्ही एकाच वेळी जमत नाही. गाण्याच्या प्रत्येक ओळीला हा निर्णय नव्याने घ्यावा लागतो, आणि याला जर रचना म्हणायचे नसेल तर रचना कशाला म्हणायचे हे मला कळत नाही.

गळ्याचेही तसेच आहे. ड्रम्स आणि बास वेळ सांभाळत असतात तेव्हा गायक लयीच्या किंचित मागे रेलून गाऊ शकतो, शब्द ओढू शकतो, कारण खालची जमीन दुसऱ्या कोणी तरी धरून ठेवलेली असते. दोघेच असतात तेव्हा शब्द ओढला की संपूर्ण गाणेच ओढले जाते. दुसरा आवाज भरल्या वाद्यमेळात रंग म्हणून येतो, तोच दोघांच्या गाण्यात भिंत होऊन उभा राहतो. ‘वॉचहाऊस’मधील एक गाणे या दोघांच्या घरी मुलगी आली त्याबद्दलचे आहे. पूर्ण बँडसह ते ऐकताना घरात मूल आल्याची बातमी गावभर सांगावी तसे ते वाटते, आणि त्या सांगण्यात एक उघडा आनंद आहे. तेच गाणे दोघे गातात तेव्हा माझ्या कानाला ते मूल शेजारच्या खोलीत झोपलेले आहे असे वाटते. यातले खरे कोणते? मला दोन्ही हवी आहेत, आणि एकाने दुसऱ्याला खोटे पाडलेले नाही.

साधे ते सच्चे, हा समज आला कुठून हे पाहणेही आवश्यक आहे. विजेवरची गिटार येण्याआधी कोणी ‘अकूस्टिक गिटार’ असा शब्दप्रयोग करत नव्हते, गिटार ही नुसती गिटार होती. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात लोकगीतांचे गायक म्हणून गाजलेले बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभे राहिले आणि त्यावरून जो वाद पेटला, त्यानंतर लाकडी गिटारीला नैतिक अर्थ कायमचा चिकटला. १९८९ मध्ये एमटीव्ही वाहिनीने ‘अनप्लग्ड’ (म्हणजे वायर काढलेले) हा अकूस्टिक गाण्यांचा कार्यक्रम सुरू करून त्या अर्थाला बाजारपेठ मिळवून दिली. पण त्या कार्यक्रमाचे सर्वांत गाजलेले उदाहरण जवळून पाहावे. नोव्हेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘निर्वाणा’ या रॉक बँडने तेथे गायले तेव्हा बँडचे गायक कर्ट कोबेन यांची अकूस्टिक गिटार अ‍ॅम्प्लिफायरमधून आणि इफेक्टच्या पेडलमधून जात होती, आणि तो अ‍ॅम्प्लिफायर प्रेक्षकांना दिसू नये म्हणून खोक्याआड झाकलेला होता. यामुळे तो कार्यक्रम कमअस्सल ठरत नाही, मी तर त्याला त्या बँडचे सर्वोत्तम काम मानतो. पण त्याची ताकद वायर काढून टाकण्यात नव्हती हे त्यावरून स्पष्ट होते.

अमेरिकाना या प्रकाराला तर हा मोह अधिकच आहे. कंट्री, फोक, ब्लूज, गॉस्पेल आणि रॉक यांच्या सीमेवरच्या या संगीताला १९९५ मध्ये रेडिओची स्वतंत्र क्रमवारी मिळाली, १९९९ मध्ये नॅशव्हिलला त्याची संघटना स्थापन झाली आणि २०१० मध्ये त्याच्या अल्बमसाठी पहिले ग्रॅमी दिले गेले. मुळांशी नाते हीच या प्रकाराची ओळख असल्यामुळे जितके कमी तितके मुळाजवळ, असे समीकरण येथे पटकन मांडले जाते. ते किती फसवे आहे हे रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या एका वर्षाच्या कामातून दिसते.

३ जानेवारी १९८२ रोजी न्यू जर्सीतील कोल्ट्स नेक येथील घरात स्प्रिंगस्टीन यांनी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर काही गाणी गाऊन ठेवली. हेतू एवढाच की बँडमधल्या मंडळींना चाली कळाव्यात. ती कॅसेट ते कित्येक दिवस डबीशिवाय खिशात घेऊन फिरत होते. पुढे स्टुडिओत बँडसह ती गाणी करून पाहिली, पण मनासारखी उतरली नाहीत, आणि अखेर खिशातली कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावाने प्रकाशित झाली. बँडसह केलेले ते काम श्रोत्यांपर्यंत पोहोचायला २०२५ साल उजाडावे लागले. म्हणजे येथे अकूस्टिक रूप आधीचे आणि भरल्या वाद्यांचे रूप नंतरचे. मूळ कोणते आणि पुनर्रचना कोणती, हा क्रम येथे पार उलटा आहे.

त्याच दिवसांत त्यांनी व्हिएतनामहून परतलेल्या आणि मायदेशात कोणालाच नको असलेल्या एका सैनिकाचे गाणेही एकट्याने गाऊन ठेवले होते. १९८४ मध्ये तेच गाणे ड्रम्सच्या दणक्यात आणि सिंथेसायझरच्या तुतारीसारख्या आवाजात ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ म्हणून आले. ध्रुवपद मुठी आवळून गाण्याजोगे, कडवी मात्र कडवट. लाखो लोकांनी ध्रुवपदच ऐकले आणि ते देशाभिमानाचे गाणे समजले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये निवडणुकीच्या प्रचारात राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीत स्प्रिंगस्टीन यांच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशाचा गौरव केला. एकट्याने गायलेले ते आधीचे रूप १९९८ मध्ये एका संचात प्रकाशित झाले आणि तेव्हा अनेकांनी सुटकेचा श्वास टाकला: हेच ते खरे गाणे, आता गैरसमजाला जागा नाही.

मला हे मान्य नाही. एकट्या गिटारीवरच्या रूपात त्या माणसाचे दुःख स्वच्छ दिसते, त्यात शंका नाही. परंतु भरल्या वाद्यांच्या रूपात त्या माणसाला ज्या जल्लोषाने चिरडले तो जल्लोषही गाण्यातच आहे, आणि श्रोता स्वतः त्या जल्लोषात सामील होतो आणि मग कडवी कानावर पडली की दचकतो. हे दचकणे एकट्या गिटारीत घडू शकत नाही. गैरसमज ही त्या ताकदीची किंमत होती. शांत रूपाने गैरसमज टाळला, पण त्याबरोबर तो ताणही गेला. दोन्ही रूपांनी वेगवेगळ्या गोष्टी कमावल्या आणि वेगवेगळ्या गमावल्या, आणि एकाला मुखवटा आणि दुसऱ्याला चेहरा म्हणणे हा दोघांवरही अन्याय आहे.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळू, की हे सारे पैशासाठी आहे. पैसा यात आहे, आणि तो असण्यात मला काही गैर दिसत नाही. अमेरिकी कायद्यात गाण्याच्या रचनेचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आहे. हा दुसरा हक्क केंद्रीय कायद्याने १९७२ पासून दिला. ज्या कलावंताचे मूळ ध्वनिमुद्रण कंपनीच्या मालकीचे असते, त्याला करारातली मुदत संपल्यावर तीच गाणी पुन्हा गाऊन स्वतःच्या मालकीचे ध्वनिमुद्रण तयार करता येते. टेलर स्विफ्ट यांनी २०२१ पासून हाच मार्ग जगभर गाजवला. पण त्यांचे उद्दिष्ट नवे ध्वनिमुद्रण जुन्यासारखेच वाटावे असे होते. अकूस्टिक पुनर्रचना करणारा बँड मुद्दाम वेगळे काही करत असतो, आणि म्हणून दोन्हींना एकाच पारड्यात टाकून ‘जुनी गाणी पुन्हा विकणे’ म्हणणे चूक आहे. शिवाय सहा माणसांचा ताफा घेऊन देशभर फिरणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी दोघांत सादर करता येईल असे गाणे घडवणे हा पोटाचाही प्रश्न आहे. पोटाच्या प्रश्नातून चांगले संगीत निघत नाही, असे कोणी कधी सिद्ध केलेले नाही.

याच कायद्यात मला खटकणारी एक जागा आहे. एकदा प्रकाशित झालेले गाणे ठरलेला मोबदला देऊन कोणालाही पुन्हा ध्वनिमुद्रित करता येते, आपल्या शैलीप्रमाणे त्याचे संगीत संयोजनही करता येते. अट अशी की मूळ चाल आणि गाण्याचे मूलभूत स्वरूप बदलता कामा नये, आणि हक्कधारकाच्या स्पष्ट संमतीशिवाय त्या संयोजनाला स्वतंत्र निर्मिती म्हणून संरक्षण मिळत नाही. परक्याने मूळ रचनाकाराचे काम बळकावू नये म्हणून हे असावे, ते समजण्यासारखे आहे. परंतु संयोजन म्हणजे दुय्यम, वरवरचे काम हा ग्रह त्यातून पक्का झाला आणि तो समीक्षेत, पुरस्कारांत आणि श्रोत्यांच्या मनातही झिरपला.

पुरस्कारांचा गोंधळ तर प्रसिद्धच आहे. गिटारवादक आणि गायक एरिक क्लॅप्टन यांनी १९७० मधले ‘लायला’ हे गाणे १९९२ मध्ये ‘अनप्लग्ड’साठी पुन्हा केले आणि १९९३ च्या ग्रॅमीमध्ये त्याला सर्वोत्कृष्ट रॉक गाण्याचा पुरस्कार मिळाला. त्याच नामांकनांत ‘निर्वाणा’चे त्या काळाला हादरवणारे नवे गाणे होते. तो पुरस्कार गीतकार-संगीतकाराला दिला जातो, आणि बावीस वर्षांपूर्वी रचलेल्या शब्दांना आणि चालीला तो देणे चूक होते असे मला आजही वाटते. पण चूक कशी झाली हे पाहण्यासारखे आहे. नव्या रूपात त्या गाण्याची ओळख असलेला सुरुवातीचा गिटारचा पीस नव्हता, शेवटचा पियानोचा दीर्घ भाग नव्हता, लय संथ आणि झोके घेणारी झाली होती. वीस-पंचविशीतल्या माणसाची तडफड जाऊन तेथे चाळिशी ओलांडलेल्या माणसाची आठवण आली होती. परीक्षकांना काहीतरी नवे ऐकू आले ते खोटे नव्हते. ते नवेपण संयोजनात आणि गायनात होते, रचनेत नव्हते, आणि ते ओळखण्याची सवयच नसल्यामुळे श्रेय चुकीच्या खात्यात जमा झाले.

मराठी वाचकाला ही सवय अवघड जाऊ नये. ख्यालातली एकच चीज दोन घराण्यांत, किंवा एकाच गवयाकडून दोन वेगळ्या मैफिलींत, वेगळी होते आणि त्यातले मूळ कोणते असे आपण विचारत नाही. भावगीताच्या बाबतीत मात्र तेच आपण ध्वनिमुद्रिकेतली एक हरकत इकडची तिकडे झाली तरी नाराज होतो. दोन्ही कान आपल्याकडे आहेत, अमेरिकाना ऐकताना पहिला वापरावा एवढेच माझे म्हणणे आहे.

साधेपणा फुकट मिळतो हा समज तर मुळातच सोडून द्यावा. टोरंटोच्या ‘काउबॉय जंकीज’ या कॅनडातल्या बँडने २७ नोव्हेंबर १९८७ रोजी तेथील चर्च ऑफ द होली ट्रिनिटीमध्ये एकाच मायक्रोफोनभोवती बसून जवळजवळ अख्खा अल्बम केला. एकच मायक्रोफोन, म्हणजे नंतर कोणाचा आवाज कमी-जास्त करण्याची सोय नाही. त्यामुळे प्रत्येक वाद्याचे मायक्रोफोनपासूनचे अंतर हेच मिक्सिंग होते: कोणाला दोन पावले मागे सारायचे, कोणाला कोणत्या कोनात बसवायचे, हे सारे वाजवून, ऐकून, पुन्हा जागा बदलून ठरवावे लागले. बँडच्या गायिका मार्गो टिमिन्स इतक्या हळू गातात की त्यांचा आवाज तेवढा स्पीकरमधून त्या मायक्रोफोनपर्यंत पोहोचवला गेला. ऐकताना हे सारे सहज घडले असे वाटते. वीस वर्षांनी बँडने पाहुणे गायक बोलावून, कॅमेरे लावून, त्याच चर्चमध्ये तीच गाणी पुन्हा केली. तो अल्बम वाईट नाही, पण मला तो स्मरणसोहळा वाटतो, कारण पहिल्या वेळी जी अडचण सोडवायची होती तशी कोणतीही नवी अडचण दुसऱ्या वेळी त्यांनी स्वतःपुढे ठेवली नाही. याउलट गायिका ल्युसिंडा विल्यम्स यांनी १९९२ चा आपला अल्बम २०१७ मध्ये पुन्हा केला तेव्हा पंचवीस वर्षांनी खरखरीत झालेला आपला आवाज लपवला नाही आणि एका गाण्याचे तर शब्द आणि नावही बदलले. वाद्ये तेथे काही कमी झाली नव्हती. तरी ते काम नवे आहे.

यातून माझी कसोटी निघते, आणि तिच्यावर अनेक अकूस्टिक अल्बम नापास होतात हे मी लपवू इच्छित नाही. चाल तीच, स्वरमेळ तेच, फक्त ड्रम्स काढले, लय कमी केली आणि प्रत्येक ओळीअखेर उसासा सोडला, तर ते आळशी काम आहे. असे अल्बम कॉफीच्या दुकानात मागे वाजत राहण्यासाठी बरे असतात. काढून टाकलेल्या वाद्याचे काम कोणावर सोपवले, या प्रश्नाला तेथे उत्तरच नसते. समीक्षकाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि ‘अधिक प्रामाणिक’, ‘अधिक जवळचे’ असली विशेषणे त्याने ते विचारून झाल्याशिवाय वापरू नयेत. तसेच बँडने आणि वितरकानेही अशा अल्बमला दुय्यम पुरवणी म्हणून मूळ अल्बमच्या शेपटाला बांधू नये. ‘वॉचहाऊस’ने तो स्वतंत्रपणे समोर ठेवला, हे मला मोलाचे वाटते.

चॅपल हिलपासून गाडीने अर्ध्या तासावर कॅरी नावाचे गाव आहे, तेथे मराठी घरे बरीच आहेत आणि त्यांतले एक माझ्या भावाचे आहे. गेल्या खेपेला त्याची थोरली मुलगी, वय चौदा, गाडीत पुढे बसली होती आणि तिच्या फोनवरून ‘ड्युओ’ वाजत होता. या गाण्यांचे दुसरे रूप आहे याचा तिला पत्ता नव्हता. मी २०२१ चा अल्बम लावून दिला. ड्रम्स आले, बास आला, तिने आवाज थोडा कमी केला आणि लक्ष देऊन दोन गाणी ऐकली. मग तिने मला विचारले, “काका, हे त्यांनी नंतर मोठं केलं का?”